लेकीकडचे सहा महिने कुठल्या रकान्यात?

व्हिसाचा फॉर्म भरताना नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर इथवर सगळं सुरळीत चालतं. मग कॅनडाच्या तात्पुरत्या व्हिसाच्या फॉर्मवर, म्हणजे आयएमएम ५२५७ वर, एक प्रश्न येतो. गेल्या पाच वर्षांत तुम्ही नागरिक असलेल्या आणि सध्या राहत असलेल्या देशाखेरीज आणखी कुठल्या देशात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिला आहात का? ज्यांची मुलंबाळं परदेशी आहेत, त्या घरांत इथे हमखास गाडी अडते. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलो होतो. व्हिसा टुरिस्टचा होता. पण राहिलो मात्र जवळजवळ सहा महिने. मग लिहायचं काय?

जावई म्हणतो, ‘टुरिस्ट व्हिसा होता ना, मग सरळ नाही लिहा.’ शेजारचे काका बजावतात, ‘काही लपवू नका, हो लिहा.’ एजंट म्हणतो, ‘तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी बघतो.’ तिघांनीही प्रश्न नीट वाचलेला नसतो. त्यात व्हिसा कुठला होता हे विचारलेलंच नाही. किती काळ राहिलात, एवढंच विचारलं आहे.

पर्यटक म्हणून केलेला मुक्काम स्थलांतराच्या अर्जात ‘वास्तव्य’ म्हणून धरायचा का, याचं सरसकट हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. उत्तर प्रत्येक प्रश्नागणिक बदलतं. एका देशाच्या एकाच अर्जात एका पानावर जे दिवस मोजले जातात, ते दुसऱ्या पानावर मोजले जात नाहीत. ही विसंगती वाटते खरी, पण प्रत्येक प्रश्नामागचा हेतू लक्षात घेतला की ती विसंगती राहत नाही.

एक प्रश्न नव्हे, चार

परदेशात घालवलेल्या दिवसांबद्दल सरकारं साधारण चार गोष्टी विचारतात. पहिली, कुठे कुठे जाऊन आलात. दुसरी, कुठल्या पत्त्यावर राहत होतात. तिसरी, एखाद्या देशात इतका काळ होतात का की तिथल्या पोलिसांकडे तुमच्याबद्दल विचारणा करावी. आणि चौथी, आमच्या देशात किती दिवस काढलेत, म्हणजे पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) टिकवायला किंवा नागरिकत्व मिळवायला ते पुरतात का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं. तिथे पर्यटन येतंच, किंबहुना तो प्रश्न बहुतांशी पर्यटनासाठीच असतो. कॅनडाच्या पीआर अर्जासोबत आयएमएम ५५६२ हा पुरवणी फॉर्म असतो. त्यात गेल्या दहा वर्षांतले, किंवा वयाच्या अठराव्या वर्षापासूनचे, देशाबाहेरचे सगळे प्रवास लिहायचे असतात. चार दिवसांचं दुबई, आठ दिवसांचं थायलंड, ऑफिसच्या कामाने केलेली सिंगापूरची वारी, सगळं त्यात जातं. अमेरिकेच्या डीएस-१६० या फॉर्मवरही गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांना भेट दिली हे विचारतात. आधी अमेरिकेला गेला असाल तर मागच्या पाच भेटींच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस स्वतंत्रपणे मागतात.

दुसरा प्रश्न पत्त्यांचा. अमेरिकेच्या स्थलांतरित व्हिसाचा डीएस-२६० हा फॉर्म सोळाव्या वर्षापासून जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते मागतो. कॅनडाच्या ‘शेड्यूल ए’ या फॉर्ममध्ये दहा वर्षांचे पत्ते लागतात, शिवाय त्या काळात काय करत होतात याचा महिनावार हिशोब लागतो आणि मध्ये रिकामी जागा सोडलेली चालत नाही. आता पुण्यात घर आहे, नोकरी आहे आणि रजा काढून तुम्ही पंधरा दिवस व्हिएतनामला गेलात, तर हॅनॉयमधलं हॉटेल हा तुमचा पत्ता होत नाही. पत्ता पुण्याचाच. पण समजा तुम्ही नोकरी सोडलीत, भाड्याचा फ्लॅट रिकामा केलात, सामान आईवडिलांकडे ठेवलंत आणि चार महिने आग्नेय आशियात भटकलात. तेव्हा ‘मी पुण्यात नोकरी करत होतो’ असं लिहिता येणार नाही. कामाच्या रकान्यात त्या चार महिन्यांपुढे ‘प्रवास’ असं लिहायचं. पत्त्याच्या रकान्यात, सामान आणि पत्रव्यवहार आईवडिलांच्या घरी असेल तर तो पत्ता द्यायचा आणि सोबतच्या स्पष्टीकरणपत्रात दोन ओळींत वस्तुस्थिती सांगायची. अधिकाऱ्याला आक्षेप भटकंतीला नसतो. कॅलेंडरमध्ये चार महिने गायब दिसले, तर त्याला प्रश्न पडतो.

अमेरिकेच्या कायद्यात या बाबतीत एक फार स्वच्छ व्याख्या आहे. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टनुसार वास्तव्य म्हणजे माणसाचं मुख्य, प्रत्यक्ष राहतं ठिकाण. त्याच्या मनात काय आहे याचा तिथे संबंध नाही. म्हणजे ‘मला कायमचं तिकडे राहायचं होतं’ असं म्हटल्याने पंधरा दिवसांची सहल वास्तव्य होत नाही. तसंच ‘मी तर फक्त फिरायला आलो होतो’ असं म्हटल्याने दोन वर्षांचा मुक्काम सहल ठरत नाही.

नाशिकचं एक जोडपं

हे सगळं एकाच घरावर लावून पाहू. एक कल्पित जोडपं घेऊ. नाशिकचे, दोघंही निवृत्त. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा मेलबर्नमध्ये. मुलीचे दिवस डिसेंबरमध्ये भरणार होते, म्हणून दिवाळी आटपून दोघं २५ नोव्हेंबर २०२३ रोजी नेवार्कला उतरले. बी-२ व्हिसावर आलेल्या पाहुण्याला अमेरिकेत सहसा सहा महिने राहू देतात. विमानतळावर जी नोंद होते, जिला आय-९४ म्हणतात, तिच्यात तारीख पडली २४ मे २०२४. बाळंतपण झालं, बारसं झालं, बाळ मान धरायला लागलं आणि दोघं २२ मेला परत निघाली. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरून मुक्काम १८० दिवसांचा.

पुढे मुलीचं कुटुंब टोरांटोला गेलं आणि आता दोघांना कॅनडाचा व्हिसा हवा आहे. सुरुवातीचा तो प्रश्न समोर आला. २५ नोव्हेंबर ते २२ मे म्हणजे सहा महिन्यांना दोन-तीन दिवस कमी. प्रश्न ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त’ असा आहे. उत्तर, नाही. अमेरिकेची ती फेरी प्रवासाच्या माहितीत तारखांसकट येईल, पण ‘आधी राहिलेले देश’ या रकान्यात येणार नाही.

आता यातली एकच गोष्ट बदलू. बाळाची तब्येत नाजूक होती म्हणून त्यांनी मे महिन्यात आय-५३९ हा अर्ज भरून मुदत वाढवून घेतली आणि ऑगस्टमध्ये परतले. व्हिसा तोच, पर्यटकाचा. घर तेच, लेकीचं. पण मुक्काम आता आठ महिन्यांच्या पुढे गेला. उत्तर बदललं, हो. आणि इथे फॉर्मच तुमच्या मदतीला येतो. ‘हो’ म्हटलं की देशाचं नाव आणि कधीपासून कधीपर्यंत हे तर विचारतातच, शिवाय तिथे तुमचा दर्जा काय होता हेही विचारतात. त्या यादीत नागरिक, पीआर, कामगार, विद्यार्थी यांच्या बरोबरीने ‘व्हिजिटर’ असाही पर्याय आहे. पाहुणा म्हणून आलेला माणूसही सहा महिन्यांहून जास्त राहिलेला असू शकतो, हे फॉर्म बनवणाऱ्याने आधीच धरून ठेवलं आहे. जावयाचा युक्तिवाद तिथेच संपतो.

तरीही ‘व्हिजिटर’ म्हणून राहिलो असं लिहिल्याने अमेरिकेत तुमचा कसला हक्क तयार होत नाही, की कॅनडा तुम्हाला अमेरिकेचे रहिवासी समजत नाही. कुठे, किती काळ आणि कुठल्या परवानगीने होतात, एवढीच ती माहिती आहे.

पोलिसांचा दाखला: सलग की एकूण?

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त धावपळ करायला लावतो. पीआरसाठी अर्ज करणाऱ्याला पोलिसांचा दाखला द्यावा लागतो. भारतातला दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, त्याला सगळे पीसीसी म्हणतात. पण आणखी कुठल्या देशाचे दाखले लागतील हे ठरवण्याची प्रत्येक सरकारची पद्धत निराळी.

कॅनडा पीआरच्या अर्जात गेल्या दहा वर्षांत, अठराव्या वर्षानंतर, ज्या देशात सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ होतात त्या देशाचा दाखला मागतो. महत्त्वाचा शब्द ‘सलग’. ऑस्ट्रेलिया गेल्या दहा वर्षांत, सोळा वर्षं पूर्ण झाल्यानंतर, ज्या देशात एकूण बारा महिने किंवा जास्त काळ घालवला त्याचा दाखला मागतो. इथे शब्द ‘एकूण’. न्यूझीलंडचाही रेसिडेन्स व्हिसासाठी असाच हिशोब आहे, एका खेपेत किंवा तुकड्यातुकड्यांनी मिळून बारा महिने. ब्रिटन शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सेवेतल्या काही नोकऱ्यांच्या व्हिसासाठी, गेल्या दहा वर्षांत अठराव्या वर्षानंतर बारा महिने काढलेल्या देशांचे दाखले मागतो, सलग असोत वा एकूण. अमेरिकेच्या स्थलांतरित व्हिसासाठी भारत किंवा सध्याचा राहता देश असेल तर सहा महिन्यांची अट, अन्य देश असेल तर सोळाव्या वर्षानंतर बारा महिन्यांची. आणि कुठेही अटक झाली असेल तर मुदतीचा प्रश्नच नाही, दाखला लागतोच.

नाशिकच्या जोडप्याकडे परत येऊ. मुदतवाढीची गोष्ट सोडून देऊ आणि १८० दिवसांची मूळची फेरीच खरी धरू. त्यानंतर नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला दोघं पुन्हा अमेरिकेला गेली, २५ नोव्हेंबर २०२४ ते २३ एप्रिल २०२५. हे झाले १५० दिवस. दोन्ही मिळून ३३०. पुढे आणखी एक दीड महिन्याची फेरी झाली की बेरीज वर्षाच्या पुढे जाते. टोरांटोच्या लेकीने त्यांच्या पीआरसाठी अर्ज केला तर अमेरिकेच्या पोलिस दाखल्याची गरज नाही, कारण कुठलीही फेरी सलग सहा महिन्यांची नाही. पण मेलबर्नच्या मुलाने आईवडिलांसाठी कायमच्या व्हिसाचा अर्ज केला तर एकूण बारा महिने भरलेले असल्याने अमेरिकेचा दाखला लागेल. अमेरिकेत तो एफबीआय देते आणि त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. ठसे घेऊन पाठवा, उत्तराची वाट पाहा, तोवर ऑस्ट्रेलियाने दिलेली मुदत सरकत जाते. ज्यांनी आधीच दिवसांची बेरीज करून ठेवली, त्यांची इथे धांदल होत नाही.

पाहुण्याने कुणाचं काय बिघडवलंय, असं आपल्याला वाटतं. पण पोलिसांच्या दृष्टीने व्हिसाचा प्रकार गौण असतो. एवढ्या काळात तिथे तुमच्या नावावर एखादी नोंद होण्याइतका मुक्काम झाला का, हे पाहायचं असतं. त्यामुळे इथे पर्यटनाचे दिवसही विद्यार्थ्याच्या किंवा नोकरदाराच्या दिवसांसारखेच मोजले जातात.

ज्या देशात जायचं, तिथलेच जुने दिवस

आता चौथा प्रश्न. समजा, पूर्वी जिथे पर्यटक म्हणून गेलो होतो, त्याच देशात कायमचं जायचं ठरलं. ते जुने दिवस खात्यात जमा होतात का?

अमेरिकेत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी साधारणपणे पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं आणि त्यातला निम्मा काळ, म्हणजे किमान तीस महिने, प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं. हे घड्याळ ग्रीन कार्डाच्या तारखेपासून सुरू होतं. त्याआधीच्या बी-२ वरच्या दहा फेऱ्या असल्या तरी त्यांचा एक दिवसही धरत नाहीत. ब्रिटनमध्ये दहा वर्षांच्या दीर्घ वास्तव्यावरून कायम परवाना मिळवण्याची जी वाट आहे, तिच्या एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांतही व्हिजिटर म्हणून काढलेला काळ स्पष्टपणे वगळला आहे. कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत पूर्वी तिथे शिक्षण किंवा नोकरी केली असेल तर जुळवून घेण्याच्या क्षमतेचे गुण मिळतात. नुसते फिरून आलात तर त्याचे गुण नाहीत.

पण कॅनडाच्याच नागरिकत्वाच्या अर्जावर आलात की नियम एकदम उदार होतो. तिथे अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात काढलेले असावे लागतात. पीआर होण्यापूर्वी कायदेशीर तात्पुरते रहिवासी म्हणून काढलेला प्रत्येक दिवस त्यात अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. तात्पुरते रहिवासी म्हणजे फक्त विद्यार्थी आणि नोकरदार नव्हेत, पाहुणेही त्यात येतात. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना आणि आजी-आजोबांना एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. एखाद्या आजीने त्यावर ५०० दिवस टोरांटोत काढले आणि नंतर त्या पीआर झाल्या, तर ते दिवस पाच वर्षांच्या चौकटीत असेपर्यंत त्यांच्या खात्यात २५० दिवस आधीच जमा असतात. नातवंडं सांभाळत घालवलेला काळ इथे खरोखर कामाला येतो.

गंमत अशी की त्याच आजींना पीआर टिकवण्यासाठी दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावं लागतं आणि त्या हिशोबात पीआर होण्यापूर्वीचा एकही दिवस येत नाही. एकच माणूस, एकच देश, तेच दिवस. एका तक्त्यात अर्धे आणि दुसऱ्यात शून्य.

कॅनडाने ही मोजदाद सहजासहजी ठरवलेली नाही. १९७७ च्या नागरिकत्व कायद्यात चार वर्षांपैकी तीन वर्षांच्या वास्तव्याची अट होती, पण वास्तव्य म्हणजे काय हे नीट सांगितलेलं नव्हतं. १९७८ मध्ये न्यायमूर्ती थर्लो यांच्यासमोर एका ग्रीक विद्यार्थ्याचं प्रकरण आलं. तो नोव्हा स्कोशियात राहत होता आणि शिक्षणासाठी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेला होता, पण मित्रांच्या घरातली खोली आणि आपलं सामान त्याने नोव्हा स्कोशियातच ठेवलं होतं. घर कॅनडात ठेवलं आहे, माणूस काही काळापुरता बाहेर आहे, म्हणून वास्तव्य सुटत नाही, असा निकाल लागला. पुढे १९९२-९३ मध्ये दोन न्यायाधीशांनी दोन वेगळ्या दिशा धरल्या. न्यायमूर्ती रीड यांनी माणसाच्या जगण्याचा केंद्रबिंदू कुठे आहे हे तपासण्यासाठी सहा मुद्दे घालून दिले. न्यायमूर्ती मल्डून यांनी साधा हिशोब धरला, देशात प्रत्यक्ष किती दिवस होतात ते मोजा. त्यानंतर कितीतरी वर्षं अर्जदाराचं नशीब कुठल्या न्यायाधीशापुढे प्रकरण जातं त्यावरही अवलंबून राहिलं. शेवटी जून २०१५ पासून प्रत्यक्ष हजेरीचे दिवस मोजण्याची पद्धत कायद्यातच आली. त्या सुधारणेने दिवसांची अट १,४६० वर नेली आणि पीआरपूर्वीच्या दिवसांची सवलत काढून टाकली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अट खाली आली आणि अर्ध्या दिवसांची सवलतही परत आली. आजींचे ते २५० दिवस या बदलामुळेच वाचले.

उलटा पेच: कार्ड खिशात, घर नाशिकला

पर्यटकाला रहिवासी मानायचं का, हा प्रश्न झाला. याच्या उलट पेचही मराठी घरांत बराच दिसतो. मुलांनी आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळवून दिलेलं असतं, पण त्यांचं मन तिकडे रमत नाही. घर, बँकेतली खाती, डॉक्टर, भिशी, सगळं इथे. मग ‘कार्ड टिकवायला’ वर्षातून एकदा पाच-सहा आठवडे जाऊन यायचं, अशी पद्धत पडते. विमानतळावरचा अधिकारी मात्र फक्त शेवटची तारीख पाहत नाही. तुमचं मुख्य राहतं ठिकाण अमेरिकेत उरलं आहे का, हे तो विचारू शकतो. वर्षभरापेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिटसाठी अर्ज करावा लागतो. नागरिकत्वाच्या हिशोबात तर सहा महिन्यांहून लांब एकच गैरहजेरीही सलगपणा तुटल्याचं गृहीत धरायला पुरते आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर येते. कागदावर कायम रहिवासी आणि वागण्यात पाहुणा, अशी स्थिती फार काळ निभत नाही.

आयकर खात्याची वही वेगळी

स्थलांतराच्या खात्यात पर्यटक ठरलेला माणूस करखात्यात रहिवासी ठरू शकतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेचं करखातं वजन देऊन दिवस मोजतं. चालू वर्षातले सगळे दिवस, मागच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस असले, की करापुरते तुम्ही रहिवासी. बी-२ वर आलेल्यांना यातून सूट नाही.

आपल्या जोडप्याचं २०२४ साल पाहा. जानेवारी ते २२ मे १४३ दिवस, नोव्हेंबर-डिसेंबरमधले ३७, मिळून १८०. त्यात २०२३ च्या ३७ दिवसांचा एक तृतीयांश, म्हणजे सव्वाबारा दिवस. बेरीज १९२ च्या वर गेली. इमिग्रेशनच्या भाषेत शुद्ध पाहुणे, करखात्याच्या भाषेत रहिवासी. सुदैवाने चालू वर्षातले दिवस १८३ पेक्षा कमी आहेत. त्यामुळे आपलं घरदार, उत्पन्न आणि संबंध भारताशी अधिक जवळचे आहेत असं दाखवून फॉर्म ८८४० भरला की यातून बाहेर पडता येतं. पण दुसऱ्या फेरीला ते पाच दिवस आधी निघाले असते, तर त्या वर्षाचे १८५ दिवस झाले असते आणि ही वाट बंद झाली असती. तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून तारीख अलीकडे ओढताना एवढं पाहिलेलं बरं. भारताच्या आयकर कायद्यातही निवासी ठरवताना १८२ दिवसांचा हिशोब आहे, हे इकडे सुट्टीला येणाऱ्या मुलांनाही लागू पडतं.

तारखा लपत नाहीत

‘एवढं कोण तपासतंय’ हा समज आता जुना झाला. अमेरिकेत येण्या-जाण्याची आय-९४ वरची नोंद ऑनलाइन पाहता येते, तुम्हाला आणि अर्थातच त्यांना. कॅनडा आणि अमेरिका एकमेकांना सीमेवरच्या प्रवेशाची माहिती देतात आणि २०२० पासून कॅनडा विमानाने देशाबाहेर जाणाऱ्यांचीही नोंद ठेवतो. युरोपच्या शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक नोंदीची व्यवस्था सुरू केली. त्यामुळे तिथला १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशोब आता यंत्रच करतं.

खोट्या माहितीची किंमतही जबर आहे. कॅनडाच्या स्थलांतर कायद्यातल्या ४० व्या कलमाखाली महत्त्वाची माहिती चुकीची दिली किंवा दडवली असं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते. ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या अर्जासोबत खोटी माहिती दिल्यास तीन वर्षं दार बंद होऊ शकतं. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या महत्त्वाच्या खोटेपणाची बंदी तर मुदतीशिवायची, सवलत मिळाली तरच सुटका. फॉर्म एजंटने भरला म्हणून यातून सुटका होत नाही, कारण सही अर्जदाराची असते.

म्हणून काकांचा सल्ला बरोबर, असंही नाही. पंधरा दिवसांच्या सहलीला ‘राहिलो होतो’ असं लिहून टाकलं तर त्याच काळात पुण्याचा पत्ता आणि पुण्याची नोकरी दाखवणाऱ्या पानांशी विसंगती तयार होते. कधी नको तो पोलिस दाखला मागितला जातो. प्रामाणिक माणसाच्या अर्जात अशी गफलत झाली की तो अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. जास्त सांगितल्याने अर्ज जास्त खरा होत नाही. विचारलं तेवढंच, पण अचूक सांगावं लागतं.

यासाठी घरात एक तक्ता असला की पुरे. देश, गेल्याची तारीख, परतल्याची तारीख, व्हिसाचा प्रकार, जिथे उतरलो तिथला पत्ता, एवढे पाच रकाने. जुने, रद्द झालेले पासपोर्ट फेकायचे नाहीत, कारण दहा वर्षांचा हिशोब त्यांच्यातच असतो. फॉर्म समोर आला की प्रत्येक प्रश्नाला चार गोष्टी विचारायच्या. हा प्रवास विचारतोय, पत्ता, मुक्काम की हजेरी? किती वर्षांमागे जातोय आणि कुठल्या वयापासून? सलग मोजतोय की एकूण? आणि व्हिसाचा प्रकार त्याने विचारलाय, की तो आपणच मनाने मध्ये आणतोय? या चारांची उत्तरं मिळाली की ‘टुरिस्ट होतो की रहिवासी’ हा वाद घालायची गरजच उरत नाही. तक्त्यातल्या तारखांवरून हो की नाही ते ठरतं. मुक्काम अगदी सीमेवरचा असेल, दोन-तीन दिवसांनी इकडे किंवा तिकडे, तर प्रश्नाच्या शब्दांना धरून उत्तर द्यायचं आणि सोबतच्या पत्रात नेमक्या तारखा लिहायच्या. अधिकाऱ्याचं मत आपल्यापेक्षा वेगळं पडलं, तरी आपण काही लपवल्याचा आरोप त्याला करता येणार नाही.